गणिताच्या शिक्षकांनी आज्ञावली शिकवावी काय?
शिरूर व दौंड तालुक्यांच्या निमित्ताने एक विचार

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये एक महत्त्वाची घोषणा केली. शैक्षणिक वर्ष २०२६-२७ पासून इयत्ता तिसरी व त्यापुढील विद्यार्थ्यांना कृत्रिम बुद्धिमत्ता व संगणकीय विचारपद्धती यांची ओळख करून देण्यात येईल, अभ्यासक्रमाचा आराखडा करण्यासाठी केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आयआयटी मद्रासचे प्रा. कार्तिक रामन यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली आहे, आणि शिक्षकांचे प्रशिक्षण ‘निष्ठा’ या राष्ट्रीय उपक्रमातून व चित्रफितींच्या साहाय्याने होईल, असा तिचा आशय होता. त्यापूर्वी जुलै २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचा समावेश करण्याचे सूचित केलेच होते. घोषणा झाल्या, समित्या झाल्या. आता प्रश्न उरतो तो साधा आहे. वर्गात उभे राहून हे शिकवणार कोण?

मोठ्या शहरातील श्रीमंत शाळेपुढे हा प्रश्न नाही. ती शाळा वेगळा शिक्षक नेमू शकते. परंतु शिरूर व दौंड या आपल्या पुणे जिल्ह्यातील दोन तालुक्यांतील साध्या मराठी माध्यमाच्या शाळेत जाऊन हा प्रश्न विचारा. उत्तर बहुधा एकच येईल : ‘गणिताचे सर शिकवतील’, किंवा ‘गणिताच्या बाईंना पाठवू प्रशिक्षणाला’. आणि हे प्रशिक्षण कोठे होणार, तर मोबाइलवर, ऑनलाइन. या उत्तरात तथ्य किती आणि सोय किती, हे तपासून पाहावे म्हणून हा लेखनप्रपंच.

हे दोन तालुके आम्ही मुद्दाम निवडले आहेत. शिरूर तालुक्यात रांजणगाव गणपती येथे औद्योगिक वसाहत आहे. तेथे एलजी, व्हर्लपूल, फियाट यांसारख्या कंपन्यांचे कारखाने आहेत. तेथील यंत्रे आज्ञावलीच्या आधारे चालतात. त्याच तालुक्याच्या पश्चिमेला पावसावर अवलंबून असलेली कोरडवाहू गावे आहेत. दौंड हे रेल्वेचे जुने जंक्शन. भोवती भीमेच्या पाण्यावर पोसलेला ऊस, पाटसचा साखर कारखाना, गुऱ्हाळे आणि कुरकुंभची रासायनिक वसाहत. शिरूर-न्हावरे-चौफुला या रस्त्याने एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात जाताना उसाच्या गाड्या आणि कामगारांच्या बसगाड्या एकाच वेळी दिसतात. या कारखान्यांच्या फाटकाबाहेर राहणाऱ्या मुलाने आत केवळ माल उचलणारा हात म्हणून जावे, की यंत्राला काय करायचे ते सांगणारा म्हणून जावे, याचा निर्णय बऱ्याच अंशी आठवी-नववीच्या वर्गात होतो. म्हणून हा विषय आम्हांस केवळ शिक्षणखात्याचा वाटत नाही.

गणिताच्याच शिक्षकाकडे हे काम का यावे? पहिले कारण व्यावहारिक आहे. प्रत्येक माध्यमिक शाळेत गणिताचा शिक्षक असतोच. संगणकाच्या शिक्षकाचे तसे नाही. केंद्राची शाळांसाठीची ‘आयसीटी’ योजना २००४ साली सुरू झाली आणि पुढे महाराष्ट्रातही तिच्यातून शाळांना संगणककक्ष मिळाले. परंतु शिकविणारे बहुतेक कंत्राटी होते. कराराची मुदत संपली, शिक्षक गेले, आणि संगणकांवर कापड पडले. त्याही पूर्वी, १९८४ साली, ‘क्लास’ नावाच्या प्रकल्पातून इंग्लंडहून आणलेले बीबीसी मायक्रो संगणक देशातील निवडक शाळांना देण्यात आले होते. त्या यंत्रांचेही पुढे असेच झाले. यंत्र आणणे सोपे असते, माणूस टिकविणे कठीण. गणिताचा शिक्षक मात्र कायम नेमणुकीचा असतो, गावाला माहीत असतो, आणि निवृत्त होईपर्यंत त्याच परिसरात वावरतो.

दुसरे कारण अधिक खोल आहे. शाळेत आज्ञावली शिकविण्याची कल्पनाच मुळी गणितज्ञांची आहे. १९६४ साली अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात ‘बेसिक’ ही सोपी संगणकभाषा निर्माण झाली, ती जॉन केमेनी व टॉमस कर्ट्झ या गणिताच्या दोघा प्राध्यापकांकडून. विज्ञानेतर विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, हा त्यांचा हेतू होता. १९६७ साली मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा तयार करणाऱ्यांत सीमोर पॅपर्ट होते, तेही गणिती. पडद्यावरील कासवाला ‘पुढे जा, उजवीकडे वळ’ अशा आज्ञा देत मूल चौरस काढते, वर्तुळ काढते, आणि काढता काढता कोन म्हणजे काय हे स्वतः शोधून काढते. संगणकाने मुलाला शिकवावे असे नव्हे, मुलाने संगणकाला शिकवावे, अशी पॅपर्ट यांची दृष्टी होती.

या संदर्भात आपल्या वाचकांना एका धर्मभगिनीचे नाव सांगितल्यावाचून राहवत नाही. सिस्टर मेरी केनेथ केलर या अमेरिकेतील ‘सिस्टर्स ऑफ चॅरिटी ऑफ द ब्लेसेड व्हर्जिन मेरी’ या संघाच्या. त्यांची पदवी गणिताची, पदव्युत्तर पदवी गणित व भौतिकशास्त्राची. त्यांनी डार्टमथच्या संगणक केंद्रात काम केले आणि १९६५ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातून संगणकशास्त्राची डॉक्टरेट मिळविली. अमेरिकेत या विषयात डॉक्टरेट मिळविणाऱ्या पहिल्या दोन व्यक्तींपैकी त्या एक होत. त्यानंतर त्या एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेत गेल्या नाहीत. आयोवा राज्यातील क्लार्क या लहानशा कॅथोलिक महाविद्यालयात त्यांनी संगणकशास्त्राचा विभाग उघडला आणि सुमारे वीस वर्षे तो चालविला. शिक्षकांना संगणकाचा उपयोग शिकविणे हे त्यांच्या कामाचे एक प्रमुख अंग होते. गणित शिकविणारी बाई आज्ञावली शिकवू शकते काय, या शंकेला साठ वर्षांपूर्वीच उत्तर मिळून गेले आहे.

परंतु येथे घाई करू नये. गणित येते म्हणून आज्ञावली आपोआप येते, असा एक गोड समज प्रशिक्षणाचे आराखडे करणाऱ्यांच्या मनात दिसतो. तो अर्धाच खरा आहे.

अर्धा खरा कसा, ते पाहू. पाचवी-सहावीच्या वर्गात भागाकार पद्धतीने मसावि काढायला शिकवितात. ८४ आणि ६० घ्या. ८४ ला ६० ने भागले, बाकी २४. मग ६० ला २४ ने भागले, बाकी १२. २४ ला १२ ने भागले, बाकी शून्य. म्हणून मसावि १२. हीच रीत युक्लिडची, दोन हजारांहून अधिक वर्षे जुनी, आणि हीच एक संपूर्ण आज्ञावली आहे. ‘बाकी शून्य येईपर्यंत भाजकाला भाज्य कर आणि बाकीला भाजक कर’ एवढे एक वाक्य संगणकाला त्याच्या भाषेत सांगितले की झाले. गणिताचे शिक्षक ही रीत वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले आहेत. आपण आज्ञावली शिकवीत आहोत, हे मात्र त्यांना कोणी सांगितले नाही. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या आपल्या ग्रंथात सांगितलेली कुट्टकाची रीतही याच कुळातली. मूळ संख्या शोधण्याची इरॅटोस्थेनिसची चाळणी, अंकगणिती श्रेढीची बेरीज, वर्गमूळ काढण्याची भागाकाराची रीत, ही सारी सामग्री शिक्षकाच्या हाताशी तयार आहे. त्याला नवे शिकावे लागते ते थोडे.

आणि तरीही ते थोडेच फार अडवते. दौंडकडील एका माध्यमिक शाळेत वीस वर्षे गणित शिकविलेल्या एका बाईंनी आपली अडचण आम्हांला सांगितली, ती अशी. ऑनलाइन पाठात पडद्यावर ओळ आली : क्ष = क्ष + १. बाई थबकल्या. हे समीकरण असेल तर त्याला उकल नाही. दोन्ही बाजूंतून क्ष वजा केल्यास शून्य बरोबर एक असे येते. इतकी वर्षे मुलांच्या वहीत असे काही दिसले की त्या लाल शाईने कापत आल्या होत्या. पाठातील निवेदक मात्र न थांबता पुढे गेला. ‘मी चित्रफीत तीनदा मागे नेली, फादर, आणि मग बंद केली,’ असे त्या म्हणाल्या.

दोष बाईंचा नव्हता. गणितात बरोबरचे चिन्ह दोन बाजू सारख्या असल्याचे विधान करते. आज्ञावलीत ते आज्ञा देते. क्ष नावाच्या डब्यात आता जे आहे त्यात एक मिळव आणि आलेले उत्तर पुन्हा त्याच डब्यात ठेव, एवढाच त्या ओळीचा अर्थ. चल हा शब्द दोन्हीकडे एकच, पण गणितातील चल ही अज्ञात संख्या, तर संगणकातील चल ही वस्तू ठेवण्याची जागा. समोर बसलेल्या कोणीही हा भेद दोन मिनिटांत समजावला असता. पाठ करणाऱ्या अभियंत्याला मात्र तो भेद म्हणून जाणवतच नाही, कारण तो गणिताच्या शिक्षकाच्या बाजूने कधी उभाच राहिलेला नसतो.

अशी आणखी उदाहरणे आहेत. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज पायथन या भाषेत करून पाहावी, उत्तर ०.३ न येता सतराव्या दशांशस्थळी एक ४ चिकटलेले येते. एक भागिले तीन हे जसे दशमान पद्धतीत कधी संपत नाही, तसे एक भागिले दहा हे द्विमान पद्धतीत संपत नाही, हे त्याचे कारण. उणे ७ ला २ ने भागून पूर्णांक भागाकार विचारला, तर पायथन उणे ४ सांगते व बाकी १ देते. सी भाषा उणे ३ सांगते व बाकी उणे १ देते. दोघींचेही गणित आपापल्या नियमाने बरोबर. ज्याला या गोष्टी नुसत्या पाठ करायला सांगितल्या जातात त्याला त्या छळतात. ज्याला गणिताचे प्रेम आहे, आणि ज्याच्याजवळ त्यांविषयी बोलायला कोणी आहे, त्याला त्या मेजवानीसारख्या वाटतात. त्या बाईंना नंतर भाच्याने क्षचा डबा समजावून दिला. त्यावर त्यांनी स्वतःहून मसाविची आज्ञावली लिहिली, हेही येथे सांगितले पाहिजे.

आता ऑनलाइन प्रशिक्षणाकडे वळू. त्याचे गुण आम्ही नाकारीत नाही. पाबळ किंवा मलठणच्या शिक्षकाला आठ दिवस पुण्यात राहून प्रशिक्षण घ्यायचे तर वर्ग रिकामा राहतो, घर अडते. ऑनलाइन पाठ रात्री जेवणानंतरही ऐकता येतो. साहित्याचीही वाण नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पात, प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखाली, सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ तयार झाले आणि त्यांपैकी पुष्कळांना मराठी निवेदन आहे. एसीएम इंडियाच्या ‘सीएसपाठशाला’ या उपक्रमाने २०१६ पासून संगणकाविनाही संगणकीय विचारपद्धती शिकविता येईल असे पाठ उपलब्ध करून दिले. लिथुआनियात २००४ साली सुरू झालेल्या ‘बेब्रास’ या कोड्यांच्या स्पर्धेची भारतीय आवृत्ती त्यांच्याच वतीने होते, आणि तीत मराठीतूनही भाग घेता येतो. तामिळनाडूने तर २०१८ पासूनच्या आपल्या गणिताच्या पाठ्यपुस्तकांत माहितीवर प्रक्रिया करण्याचे स्वतंत्र प्रकरण घातले. म्हणजे गणिताच्या शिक्षकाच्या हाती ते निमूटपणे आणून ठेवले. हा मार्ग आम्हांस शहाणपणाचा वाटतो.

अडचण साहित्याची नाही, पूर्ण करण्याची आहे. एमआयटी व हार्वर्ड यांच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा एक अभ्यास २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०१७-१८ या वर्षात नाव नोंदविणाऱ्या शंभरांपैकी केवळ तिघांनी अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे त्यात आढळले. आपल्याकडे सक्ती केली की हा आकडा अर्थातच वाढतो. शासनाचा आदेश आला की सारेच पूर्ण करतात. परंतु ते पूर्ण करणे कसे असते, हे शिक्षक स्वतःच हसत हसत सांगतात : चित्रफीत चालू ठेवून वह्या तपासायच्या, शेवटच्या प्रश्नावलीची उत्तरे व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर आलेलीच असतात, आणि प्रमाणपत्र मोबाइलमध्ये जमा होते. हा विनोद आम्हांस हसवत नाही. ज्याने आयुष्यभर मुलांना कॉपी करू नका म्हणून सांगितले, त्या माणसाला आपण या अवस्थेत आणून ठेवतो, हे व्यवस्थेला शोभणारे नाही. एमएस-सीआयटीच्या काळातही हेच पाहिले. वेतनवाढ रोखली जाऊ नये म्हणून हजारो शिक्षक परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यांतील कितीजण त्यानंतर मुलांना घेऊन संगणकासमोर बसले, हे आपापल्या शाळेत विचारून पाहावे.

शिवाय मोबाइलवर आज्ञावली लिहिणे हे बोटभर पाटीवर निबंध लिहिण्यासारखे आहे. ‘स्पोकन ट्यूटोरियल’ची रीत तर अशी की पडद्याच्या एका बाजूस पाठ चालू ठेवायचा व दुसऱ्या बाजूस तीच कृती स्वतः करायची. त्याला संगणक लागतो. देशपातळीवरील यू-डायस अहवालानुसार २०२३-२४ मध्ये चालू स्थितीतील संगणक ५७.२ टक्के शाळांत होते व इंटरनेट ५३.९ टक्के शाळांत. म्हणजे शिक्षकाचा अभ्यास त्याच्या खिशातील यंत्रावर, त्याच्याच पैशाने, आणि शिकवायचे मात्र जे यंत्र शाळेत असेल वा नसेल त्यावर.

मग उपाय काय? तो शोधायला परदेशी जावे लागत नाही. मुक्त विद्यापीठाचे उदाहरण आपल्यासमोर आहे. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. नोकरीतील अनेक शिक्षकांनी तेथून बी.एड. केले. पुस्तके घरी येत, पण अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्रे असत आणि तेथे जावेच लागे. आयआयटी मुंबईचे प्रा. दीपक फाटक यांनी अभियांत्रिकी महाविद्यालयांतील शिक्षकांसाठी एकाच वेळी हजारोंना सामावणाऱ्या कार्यशाळा घेतल्या, त्यांचीही बांधणी अशीच होती. व्याख्यान मुंबईहून थेट प्रक्षेपित होई, परंतु शिक्षक आपल्या जवळच्या केंद्रावर एकत्र बसत, आणि त्या केंद्राचा समन्वयक आधी आयआयटीत जाऊन तयार होऊन आलेला असे. दूरचे ज्ञान व जवळचा माणूस, अशी ती जोडी होती. आजच्या ऑनलाइन प्रशिक्षणातून हा जवळचा माणूसच काढून टाकला गेला. खर्च वाचला, हे खरे.

आणि शिरूर तालुक्याला तर घरचाच धडा आहे. पाबळ येथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन केंद्रातील मोठे पद सोडून ते या अवर्षणग्रस्त गावी आले. करता करता शिकणे हीच शिक्षणाची नैसर्गिक रीत, असे त्यांचे मत होते. ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा आठवी ते दहावीच्या मुलांसाठीचा त्यांचा अभ्यासक्रम आठवड्यातून एक दिवस चालतो. वेल्डिंग, वीज, शेती, आरोग्य यांची खरी कामे मुले करतात, आणि शिकविणारे बहुधा परिसरातीलच कुशल लोक असतात. २००२ साली याच पाबळमध्ये अमेरिकेच्या एमआयटीच्या सहकार्याने ‘फॅब लॅब’ उभी राहिली. संगणकावर आराखडा करायचा व त्याबरहुकूम यंत्राने वस्तू घडवायची, अशी ही कार्यशाळा. एमआयटीच्या बाहेर जगात सुरू झालेल्या अगदी पहिल्या अशा कार्यशाळांपैकी ती एक. डॉ. कलबाग २००३ साली निवर्तले. काम चालू आहे. पुणे शहरातील पुष्कळ नामांकित शाळांना फॅब लॅब हा शब्द माहीत नव्हता, तेव्हा तो पाबळच्या मुलांना माहीत होता.

याच तालुक्यातील वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेने गावाच्या सहभागाने काय होऊ शकते ते दाखविले, आणि तेथील वर्गखोल्या पाहायला राज्यभरातून लोक येऊन गेले. दौंड तालुक्याकडे पाहिले तर केडगावची आठवण अटळ आहे. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनातील मुद्रणालयात विधवा व निराश्रित स्त्रिया खिळे जुळवायला शिकल्या. त्या काळचे ते नवे तंत्रच होते. रमाबाईंनी केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, तेथेच छापून पूर्ण झाले. या स्त्रियांना शिकविणाऱ्या स्त्रियाही थोड्याच दिवसांपूर्वी शिकलेल्या होत्या. पंथभेद बाजूला ठेवून या कामाकडे पाहिले पाहिजे, असे आम्ही मानतो.

दोन आक्षेप आमच्या कानांवर येतात. त्यांची दखल घेतली पाहिजे.

पहिला असा की मुलांना साधा भागाकार येत नाही आणि तुम्ही आज्ञावलीच्या गोष्टी करता. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०२३ च्या ‘असर’ अहवालात ग्रामीण भागातील १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी ४३.३ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. बाकी म्हणजे काय हे ज्याला कळले नाही, त्याला युक्लिडची रीत संगणकावरही कळणार नाही. म्हणून तिसरीपासूनच पडद्यासमोर बसविण्याची घाई आम्हांस पटत नाही; खालच्या वर्गांत कोडी, खडे, कार्डे, मैदानावर आखलेले चौकोन एवढे पुरे आहे. परंतु सातवी-आठवीत गोष्ट उलटीही घडू शकते. भागाकाराला कंटाळलेला मुलगा संगणकाला भागाकार शिकवायचा म्हटल्यावर पायऱ्या काळजीपूर्वक मांडू लागतो, कारण पायरी चुकली तर यंत्र तत्काळ चूक दाखविते, आणि यंत्राच्या चूक दाखविण्यात अपमान नसतो. गणिताच्या तासाला आपल्या शाळांतून जी भीती असते, तिच्यावर हा एक उतारा होऊ शकेल. अर्थात गणिताचे सर हातात छडी घेऊन आज्ञावलीही पाठ करून घेऊ लागले, तर तो उतारा विष व्हायला वेळ लागणार नाही.

दुसरा आक्षेप नवा आहे. आता कृत्रिम बुद्धिमत्ताच आज्ञावली लिहून देते, मग शिकायचे कशाला? गणकयंत्र आले तेव्हा पाढ्यांविषयी असेच म्हटले गेले. यंत्राने लिहिलेली आज्ञावली बरोबर आहे की नाही, हे ठरविण्यासाठी ती वाचता आली पाहिजे. वरचे उणे सातचे उदाहरण घ्या : दोन्ही उत्तरे आत्मविश्वासाने दिलेली, आणि आपल्या कामाला कोणते योग्य ते माणसानेच ठरवायचे. लिहिण्यापेक्षा वाचणे व तपासणे यांवर यापुढे भर द्यावा लागेल, आणि उत्तर तपासून पाहण्याची सवय ज्याच्या हाडीमाशी असते असा शाळेतील माणूस म्हणजे पुन्हा गणिताचा शिक्षक. त्यालाच जर हे येत नसेल, तर मुलगा यंत्राकडून लिहून आणील, सर त्यावर ‘छान’ असा शेरा देतील, आणि दोघांनाही काही कळलेले नसेल.

पालकांची धास्तीही या गोंधळात भर घालते. २०२० साली टाळेबंदीच्या काळात ‘व्हाइटहॅट ज्युनियर’च्या जाहिरातींनी घरोघरी जे वातावरण निर्माण केले ते आठवावे. सहा वर्षांच्या मुलाने कोडिंग केले नाही तर त्याचे भविष्य गेले, असे भासविले जाई. बायजूज कंपनीने तो व्यवसाय ३० कोटी डॉलरना घेतला, आणि २०२४ मध्ये बायजूजच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. शाळेने आपले काम केले नाही की ती जागा असे कोणी तरी भरून काढते. आमच्या धर्मग्रामांतील रिक्षाचालक व कारखान्यातील कामगार असलेल्या पालकांनीही त्या वेळी हप्त्यांची चौकशी केली होती, हे आम्हांला ठाऊक आहे.

इंग्लंडने २०१४ च्या सप्टेंबरपासून पाच वर्षे वयापासूनच्या मुलांना संगणनशास्त्र सक्तीचे केले. परंतु शिक्षक तयार नव्हते. अखेर २०१८ मध्ये ८ कोटी ४० लाख पौंड खर्चाचे राष्ट्रीय केंद्र उभारून सुमारे आठ हजार माध्यमिक शिक्षकांना ऑनलाइन व प्रत्यक्ष अशा दोन्ही प्रकारे शिकविण्याचे ठरले. इतक्या संपन्न देशालाही घोड्यापुढे गाडी जोडल्याचे चार वर्षांनी उमगले. आपल्याकडे घोषणा व अंमल यांत एका वर्षाचेही अंतर नाही.

शिरूर व दौंडमध्ये काय करता येईल याविषयी आमचे मत असे. प्रत्येक केंद्रात दरमहा शिक्षण परिषद भरतेच. तिच्यातील परिपत्रकवाचन कमी करून गणिताच्या शिक्षकांना दोन तास वेगळे बसू द्यावे. ऑनलाइन पाठ आधी घरी ऐकून यावे आणि परिषदेत केवळ अडलेले सोडवावे. एका शाळेतून शक्यतो दोघांनी मिळून अभ्यासक्रम करावा, एकट्याने नव्हे. लोणी काळभोरच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने प्रत्येक तालुक्यासाठी दोन-तीन माणसे आधी तयार करावीत. धोरणात शिक्षकांसाठी दरवर्षी ५० तासांच्या सेवांतर्गत प्रशिक्षणाची अपेक्षा आहे, तीत हे तास धरले जावेत. प्रमाणपत्र मात्र प्रश्नावलीवर देऊ नये. शिक्षकाने आपल्या वर्गातील एका गणितासाठी स्वतः लिहिलेली आज्ञावली आणावी, सहकाऱ्यांसमोर चालवून दाखवावी, कोठे अडलो ते सांगावे, आणि मग सही घ्यावी. पायथनमध्ये चलांची नावे देवनागरीतही देता येतात. भाज्य, भाजक, बाकी अशी नावे देऊन लिहिलेली पहिली आज्ञावली मराठी माध्यमाच्या शिक्षकाला परकी वाटणार नाही.

यात आपल्या कॅथोलिक शाळांचाही वाटा आहे. धर्मप्रांताच्या व धर्मभगिनींच्या पुष्कळ इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून चांगले संगणककक्ष आहेत, आणि शनिवारी दुपारी ते बंद असतात. शेजारच्या जिल्हा परिषदेच्या व रयतेच्या मुलांच्या शाळांतील गणिताच्या शिक्षकांना ते तीन तास उघडून द्यायला नवा खर्च नाही. वीजबिल थोडे वाढेल. यंत्रे बिघडतील ही भीती मुख्याध्यापकांना वाटेल. ती अगदीच निराधार नाही, तेव्हा दुरुस्तीचा लहानसा निधी आधीच बाजूला ठेवावा. खरी अडचण बहुधा किल्लीची होईल. ती शिपायाकडे असते, शिपायाला शनिवारी अर्धी सुटी असते, आणि लेखी आदेशावाचून तो कक्ष उघडणार नाही. तो आदेश काढणे व्यवस्थापनाच्या हाती आहे. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी तो काढता येईल.